सांडपाण्याची नोंदवही

ज्या गटारात उतरण्याचे काम जातिव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसांवर लादले, त्याच गटाराच्या पाण्याकडे आज जगभरचे आरोग्यशास्त्रज्ञ मोठ्या गांभीर्याने पाहू लागले आहेत. पोलिओ, कोविड, विषमज्वर, औषधांना न जुमानणारे जंतू यांचा माग पुष्कळदा दवाखान्याच्या आधी सांडपाण्यात लागतो. या कामाचे एक शास्त्र आहे. त्या शास्त्राची एक नोंदवही आहे. आणि त्या नोंदवहीत कोणते रकाने असावेत, कोणत्या शब्दाचा अर्थ काय घ्यावा, हे सर्वांसमक्ष ठरवण्यासाठी गेल्या काही वर्षांत खुली मानके तयार झाली आहेत. या लेखात मला या मानकांविषयी लिहायचे आहे.

साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, रकाना वरवर तांत्रिक वाटला तरी तो सत्तेचा प्रश्न आहे. शासन जे मोजते त्यावर विचार करते, पैसा खर्च करते; आणि मोजण्यापूर्वी ते शब्दांत बांधावे लागते. १९३२ साली लोथियन समितीत अस्पृश्य कोणाला म्हणायचे आणि त्यांची संख्या किती यावर वाद पेटला, तेव्हा समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी स्वतंत्र टिपणी लिहिली. व्याख्या आखडली की संख्या आखडते आणि संख्या आखडली की हक्क आखडतो, हे त्यांनी ओळखले होते. सांडपाण्याच्या नोंदवहीकडे आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

गटार काय सांगते

माणसाला लागण झाली की अनेक रोगांचे विषाणू आणि जंतू त्याच्या विष्ठेवाटे बाहेर पडतात. लक्षणे दिसण्याआधी पडतात, आणि ज्याला लक्षणे कधीच दिसत नाहीत त्याच्याही शरीरातून पडतात. हजारो घरांचे पाणी एका मोठ्या नळात येऊन मिळते. तेथून आठवड्यातून एकदोनदा नमुना घेतला की त्या सगळ्या घरांची एकत्रित तपासणी झाल्यासारखे होते. कोणाला केसपेपर काढावा लागत नाही, कोणाची रोजंदारी बुडत नाही आणि कोणाचे नावही उघड होत नाही. ज्यांचा आजार सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरात कधी चढतच नाही, अशांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जॉन पॉल आणि जेम्स ट्रास्क यांनी १९३९-४० च्या सुमारास साथीच्या काळातील शहरी सांडपाण्यात पोलिओचा विषाणू दाखवून दिला होता. आपल्याकडे मुंबईच्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरने २००१ पासून झोपडपट्ट्यांतून वाहणाऱ्या सांडपाण्याचे नमुने पोलिओसाठी तपासायला सुरुवात केली. पुढे दिल्ली, पाटणा, कोलकाता अशी शहरे त्यात आली. पोलिओची लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एकालाच लुळेपणा येतो. दवाखान्याला ते एक मूल दिसते. उरलेल्यांची खूण गटारात असते. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा नैसर्गिक विषाणू नोव्हेंबर २०१० मध्ये शेवटचा सापडला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. या यशाचे श्रेय लसीला आहे, घरोघर हिंडणाऱ्या स्त्रियांना आहे. आणि रोग गेला हे खात्रीने सांगता आले, त्याचे काही श्रेय गटारालाही आहे. २०१६ मध्ये हैदराबादच्या सांडपाण्याच्या एका नमुन्यात लसीतून उद्भवलेला पोलिओचा विषाणू सापडला, तेव्हा एकही मूल लुळे पडण्याची वाट न पाहता त्या भागात मोठी लसमोहीम घेण्यात आली.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नेदरलँड्समध्ये सांडपाण्यात कोविडचा विषाणू सापडला. त्याच वर्षी अहमदाबादच्या सांडपाण्यावर गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी काम केले. नंतर बंगळूर, हैदराबाद, पुणे येथेही हे काम झाले. जगभर शेकडो प्रयोगशाळा एकाच वेळी एकच गोष्ट मोजू लागल्या, आणि मग एक जुनाच रोग नव्याने उघडा पडला: प्रत्येकाची नोंदवही वेगळी.

आकड्याला भाषा लागते

मी पेशाने शिक्षक आहे, तेव्हा निकालपत्रकाचे उदाहरण घेतो. एका विद्यार्थ्याच्या नावापुढे शून्य आहे. दुसऱ्यापुढे 'गैरहजर' आहे. तिसऱ्याने पेपर लिहिला, पण उत्तरपत्रिका तपासलीच गेली नाही. चौथ्याचे नावच यादीत नाही, कारण त्याला शाळेत कोणी घातलेच नाही. या चौघांनाही कारकुनाने शून्य दिले तर गणित जुळेल, पण न्याय होणार नाही. सांडपाण्याच्या नोंदीत हे चारही विद्यार्थी असतात. विषाणू शोधला आणि सापडला नाही, हा पहिला. त्या आठवड्यात नमुनाच घेतला नाही, हा दुसरा. नमुना घेतला, पण तपासला नाही किंवा तो खराब झाला, हा तिसरा. ज्या वस्तीला गटारच नाही, त्यामुळे नमुन्याची जागाच नाही, हा चौथा. नकाशावर या चारही ठिकाणी एकच पांढरा रंग दिला तर बघणाऱ्याला वाटेल, सर्वत्र क्षेमकुशल आहे. पहिल्याबाबतही एक सावधगिरी हवी. 'सापडला नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. यंत्राला अमुक एका मर्यादेखालचे दिसत नाही, एवढाच तो होतो. म्हणून ती मर्यादाही लिहावी लागते.

जो आकडा मिळतो तोही एकटा मुका असतो. समजा, एखाद्या शहराने 'पन्नास हजार' असे लिहिले. हे पन्नास हजार कशाचे? एका लिटर पाण्यातले की एक ग्रॅम कोरड्या गाळातले? सकाळी एकदाच बादली बुडवून घेतलेल्या पाण्यातले, की चोवीस तास थोडेथोडे जमवलेल्या पाण्यातले? कॅनडातील ओटावा शहराच्या संशोधकांनी प्रक्रिया केंद्रात प्रथम खाली बसणारा गाळ तपासला. नेदरलँड्समध्ये केंद्रात येणारे पाणी तपासले. दोन्ही पद्धती आपापल्या ठिकाणी योग्य आहेत, पण त्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करता येणार नाही. त्यात पाऊस पडला की पाणी वाढते आणि विषाणू विरळ होतो. म्हणून पाण्यात मानवी विष्ठा किती आहे याचा अंदाज घ्यायला मिरचीवर पडणाऱ्या एका विषाणूचे माप घेतात. तो माणसाला काही करत नाही. मिरची खाल्ली की पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. श्रीमंताच्या सॉसमधून जातो आणि गरिबाच्या ठेच्यातूनही जातो. ज्याने हे माप घेतले त्याचा आकडा आणि ज्याने नाही घेतले त्याचा आकडा, हे दोन वेगळे आकडे आहेत.

सारांश, आकड्यासोबत त्याची कुळकथा लिहिली नाही तर आकडा निरुपयोगी होतो. ती कुळकथा सर्वांनी एकाच रीतीने लिहावी यासाठी जो करार करतात, त्याला मानक म्हणतात.

खुला आराखडा

या क्षेत्रातले एक मानक ओटावा येथे कोविडच्या काळात आकाराला आले. 'पब्लिक हेल्थ एन्व्हायर्नमेंटल सर्व्हेलन्स ओपन डेटा मॉडेल' असे त्याचे लांबलचक नाव आहे, संक्षेपाने ओडीएम. नाव मोठे असले तरी वस्तू साधी आहे. तो एक संज्ञाकोश आणि काही तक्ते आहेत. स्थळाचा एक तक्ता: नमुना कोठून घेतला. नमुन्याचा एक: केव्हा, कसा आणि किती घेतला. मापनाचा एक: काय मोजले, कोणत्या एककात, किती आले. पद्धतीचा एक: प्रयोगशाळेने काय काय केले. संस्था, उपकरणे, नमुन्याचा दर्जा यांचे वेगळे. आणखी एक तक्ता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात क्षेत्राची सीमा नोंदवतात. म्हणजे या नळाला कोणत्या घरांचे पाणी येते, ते. नोंद करताना कोणता शब्द वापरायचा, त्याचा अर्थ काय, हे कोशात आधीच लिहिलेले असते. त्यामुळे एका गावाची वही दुसऱ्या गावाला वाचता येते.

यातला 'खुला' हा शब्द नीट समजून घ्यावा लागेल. कोश कोणालाही पाहता येतो, फुकट वापरता येतो, श्रेय देऊन त्यात फेरफार करता येतो, त्याचे भाषांतर करता येते. त्यात एखादी संज्ञा अपुरी असेल तर तसे सुचवता येते. त्याचे मराठी रूप करायला कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज नाही. याउलट एखाद्या कंपनीने आपल्या यंत्राबरोबर आपलीच नोंदवही दिली, तर कंत्राट संपल्यावर नगरपालिकेच्या हाती न उलगडणारे कागद उरतात. कार्यक्रम तर बंदही पडतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने आपला सांडपाणी-निगराणीचा कार्यक्रम ३१ जुलै २०२४ रोजी थांबवला. असे होते तेव्हा चार वर्षांची मेहनत पुढच्या पिढीला वाचता येईल की नाही, हे नोंद कशी केली होती यावर ठरते.

रिकामा रकाना

आता आपल्या घराकडे वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. त्यातले प्रत्यक्ष प्रक्रिया होणारे २० हजारांच्या आसपास. निगराणी करणाऱ्याला सर्वांत सोयीची जागा म्हणजे प्रक्रिया केंद्राचे तोंड. म्हणजे सोयीने काम केले तर शहराच्या मोठ्या भागाची नोंदच होणार नाही. आणि तो भाग कोणता हे तुम्हा-आम्हाला सांगावे लागत नाही. गावाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, रेल्वेच्या रुळाला लागून असलेला. खेड्यांची तर गोष्टच वेगळी. तेथे शोषखड्डा किंवा उघडे गटार. मुंबईतल्या पोलिओच्या कामाने एक गोष्ट सिद्ध केली आहे की, नमुना घ्यायला जमिनीखालचा नळच लागतो असे नाही. वस्तीतून वाहणारे पाणीही बोलते. तेव्हा ती वस्ती नोंदीबाहेर राहिली तर तो शास्त्राचा नाइलाज नसतो; ती कोणीतरी केलेली निवड असते.

व्याख्येच्या जोरावर माणसे कशी अदृश्य होतात याचा याहून कठोर दाखला याच गटारात आहे. २०१३ च्या कायद्याने 'हाताने मैला साफ करणारा' आणि 'गटार व सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई' अशा दोन वेगळ्या व्याख्या केल्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. आणि त्याच सुमारास हेही सांगितले की, गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना ९४१ कामगार मरण पावले आहेत. दोन्ही विधाने आपापल्या रकान्यात बरोबर! गुदमरून मेलेला माणूस मात्र दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर पडून राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. पण भरपाई मागायला आधी त्या मृत्यूची नोंद त्या नावाने व्हावी लागते.

गेल्या वर्षी मी आमच्या महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांबरोबर एक साधा प्रयोग केला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि यांतले बहुतेकजण आपापल्या घरातले पहिलेच. संगणकाचे खास ज्ञान कोणालाच नव्हते. आमच्याकडे प्रयोगशाळाही नव्हती. आम्ही फक्त एवढेच ठरवले की, आपल्या वस्तीच्या नाल्यासाठी यातला 'स्थळ' आणि 'क्षेत्राची सीमा' हे दोन तक्ते भरून पाहायचे. पहिल्याच रकान्याशी अडलो. या नाल्याला किती घरांचे पाणी येते? कार्यालयात जो नकाशा दाखवला गेला त्यात वस्तीपाशी रेघा संपत होत्या. शेवटी एका मुलीने तिच्या आजोबांना आणले. ते नगरपालिकेत सफाई कामगार होते, मुकादम होऊन निवृत्त झाले. कोणता चेंबर कोठे मिळतो, कोणत्या गल्लीचे पाणी पावसाळ्यात उलटे फिरते, कोणती टाकी परस्पर नाल्यात सोडलेली आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. "सर, नकाशा काय बघता? पावसात या, पाणीच दाखवंल," असे ते म्हणाले. त्यांच्या मागे हिंडून मुलांनी चार रविवारांत सीमा आखली. त्या कागदाला कोणी सरकारी किंमत देईल न देईल. पण 'कोणाचे पाणी' या रकान्याचे उत्तर शहरात कोणाला ठाऊक असते, हे त्या मुलांना कळले. ज्यांना अडाणी म्हणून खालच्या पायरीवर ठेवले, त्यांच्याजवळ ते ज्ञान होते. ते ज्ञान नोंदवण्याची जागा आजवर नव्हती.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, या नोंदींची आखणी होईल तेथे सफाई कामगारांना माहितीचा स्रोत म्हणून मान आणि मोबदला मिळाला पाहिजे. दुसरी मागणी नमुना काढणाऱ्या हाताविषयी आहे. पाण्याच्या प्रत्येक थेंबाची कुळकथा लिहायची आणि ते पाणी काढायला मॅनहोलवर वाकलेल्या माणसाला हातमोजे होते की नाही, लस दिली होती की नाही, तो कंत्राटी होता की कायम, हे कोठेच लिहायचे नाही, असा आराखडा अपुरा आहे. मानक खुले असेल तर ही उणीव दाखवून त्यात रकाना घालण्याची मागणी करता येते. ती आपण केली पाहिजे.

मोजमापाचे भय

येथे एक धोका सांगितला नाही तर मी वाचकांची दिशाभूल केल्यासारखे होईल. मोजले जाणे नेहमीच भल्याचे नसते. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये घरांची झडती, माणसांना उचलून छावणीत नेणे, सामान जाळणे हे सारे रोगनिवारणाच्या नावाने झाले. १८९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आरोग्याच्या नावाखाली गरिबांच्या दाट वस्त्या पाडल्या. उठवलेल्या माणसांचे काय झाले याची चिंता त्या मानाने थोडी झाली. रोग्याच्या बाजूने उभे राहिलेले माणूस शोधायचे तर सावित्रीबाईंकडे पाहावे लागते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या.

सांडपाण्यात माणसाचे नाव नसते, पण वस्तीचे नाव असते. 'अमुक नगरातल्या गटारात अमुक रोगाचे जंतू' अशी बातमी छापून आली तर तेथल्या बायकांची घरकामे सुटतील, मुलांना वर्गात वेगळे बसवले जाईल. अस्पृश्यतेला नवे वैज्ञानिक कारण मिळेल. शिवाय सांडपाण्यात अमली पदार्थांचाही माग लागतो. तो धागा पोलिसांच्या हाती गेला तर काय होईल, याची कल्पना करता येते. म्हणून खुले मानक आणि खुली माहिती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. रकाने आणि त्यांचे अर्थ सर्वांना खुले असावेत. प्रत्येक आकडा मात्र चव्हाट्यावर टांगण्याची गरज नाही. लहान वस्तीचा आकडा आधी त्या वस्तीला कळावा, त्याबरोबर लस आणि औषध घेऊन माणसे यावीत, आणि तो कोणाला दाखवायचा व कोणाला नाही, हेही नोंदवहीतच लिहिलेले असावे. ज्या आकड्यामागे उपचार येत नाही तो आकडा केवळ पाळत ठरतो.

'खुले' म्हणजे काय

या शब्दाचा आपल्या चळवळीला एक अनुभव आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले आणि तीन वर्षे कोणाची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या मागून हजारो माणसे पायऱ्या उतरली, तेव्हा त्या शब्दाला अर्थ आला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. 'खुले' हा शब्द कोणी लिहून दिला म्हणजे काम संपत नाही, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

खुल्या मानकाचेही तसेच आहे. कोश जगापुढे ठेवलेला आहे. तो वाचणारे, वापरणारे आणि त्याच्याशी भांडणारे आपल्यातून निघाले नाहीत तर तो ज्यांच्याजवळ आधीच सगळे आहे त्यांच्याच उपयोगाला येईल. मित्रांनो, यासाठी मोठा पैसा लागत नाही. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी या कोशातल्या शंभरेक नित्याच्या संज्ञा आपल्या मराठीत, सफाई कामगाराला कळतील अशा शब्दांत आणाव्यात. कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात विचारावे: आमच्या शहरात सांडपाण्याचे नमुने घेतले जातात काय? कोठून? त्या जागेला कोणत्या वस्त्यांचे पाणी येते? कोणत्या वस्त्यांचे येत नाही? उत्तर कोरे आले तर त्या कोरेपणाचे कारण विचारावे. आपल्या वस्तीपुढचा रकाना रिकामा असेल तर तेथे कोणी शून्य लिहू नये, एवढी दक्षता आपण आजपासून घेऊ शकतो.